जाळी आपोआप उचलली जाते

३ मार्च, सोमवार

नाशिकला आले, आणि चक्क खुशीत आहे. खोली गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. घरमालकीण अंजलीताई स्वतः चहा घेऊन वर आल्या. पाण्याच्या वेळा सांगितल्या आणि इथली मिसळ खाल्ल्याशिवाय माणूस नाशिककर होत नाही असं बजावून गेल्या. मला नाशिककर व्हायचं नाही, पण चहा चांगला होता.

पुण्यात नऊ वर्षं पेटंटचे अर्ज लिहिले. तिथे माझ्या डोक्यावर चार जण होते आणि चौघांनाही धड एक परिच्छेद लिहिता येत नव्हता. इथे डोक्यावर एकच, यादव सर. कॅनडा कॉर्नरजवळ चष्म्याच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस आहे. माणूस भला आहे, म्हणजे कामाचा नाही. मी सांगेन ते ऐकेल. हाताखाली तृप्ती नावाची मुलगी, इंजिनिअर झालेली, देवळा तालुक्यातली. चार रंगांची पेनं वापरते आणि प्रत्येक ओळीखाली रेघ मारते. सगळ्याच ओळी महत्त्वाच्या वाटणाऱ्या माणसाला काहीच कळलेलं नसतं, पण शिकेल.

ऑफिसचा तिसरा कर्मचारी म्हणजे ‘गुरुजी’. जानेवारीत सरांनी हे एआयचं सॉफ्टवेअर घेतलं. शोधाची माहिती टाकली की ते जगभरची जुनी पेटंटं धुंडाळतं, आधी कुणी असंच काही केलंय का ते सांगतं आणि वर अर्जाचा मसुदाही लिहून देतं. सरांनी त्या स्क्रीनच्या कडेला हळदीकुंकू लावलंय. खोटं वाटेल, पण लावलंय.

५ मार्च, बुधवार

गुरुजींची परीक्षा घेतली. शोधायचं काम बरं करतात, हे कबूल. मला दोन दिवस लागले असते ते वीस मिनिटांत आणून टाकलं. पण लिहायला बसले की गाईडं पाठ करून बोर्डात आलेल्या मुलासारखे. भाषा गुळगुळीत, आत्मविश्वास दांडगा आणि अक्कल शून्य. बारा संदर्भ दिले. त्यातले नऊ खरे, तीन जन्मालाच आले नव्हते! नंबर, तारीख, संशोधकाचं नाव, सगळं थाटात. पेटंट ऑफिसच्या नोंदीत त्यांचा मागमूस नाही.

तृप्तीला दाखवलं. तिला वाईट वाटलं, जणू घरातला कुणी खोटं बोलताना सापडला. मी सांगितलं की हे यंत्र खोटंही बोलत नाही. खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं.

हे वाक्य मला आवडलं. सरांनाही ऐकवलं.

१० मार्च, सोमवार

आज गोरक्ष आहेर आले. देवळ्याला यांचं लेथचं दुकान आणि घरची कांद्याची शेती. त्यांनी कांद्याची वाळलेली पात कापायचं यंत्र बनवलंय. बायका कांदे पट्ट्यावर ठेवतात, दोन रूळ पात खाली ओढतात आणि पातं ती कापतं. रुळांवर लोखंडी जाळी, हात आत जाऊ नये म्हणून.

माणूस दोन तास बोलला. मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात निम्मा वेळ स्वतःचाच अंगठा. माझ्याशी शुद्ध बोलायची फार धडपड, आणि मधेच “मॅडम, मोटर दोन एचपीनी शे” असं अहिराणी निसटलं की लाजायचा. यंत्रावर चार बायका बसतात. डाव्या टोकाला चिमणाबाई, सुरगाण्याकडून दरवर्षी मजुरीला येणारी. ती सगळ्यांत चपळ, म्हणून रूळ जिथे कांदा पहिला धरतात ती जागा तिची. आता शिमग्याला गावी जाईल आणि पुढच्या आठवड्यात परत येईल. हे सगळं मला का सांगत होते देव जाणे. अर्जात चिमणाबाईचा काय संबंध?

तृप्ती मात्र सगळं लिहून घेत होती. हिरव्या पेनाने.

१२ मार्च, बुधवार

गुरुजींनी आज कमाल केली. गोरक्षच्या यंत्राची माहिती टाकली तर पहिलाच निकाल म्हणजे १९८७ सालचं भारतीय पेटंट. हेच यंत्र. दोन रूळ, पातं, जाळी. संशोधकाचा पत्ता देवळा. हे खरं असतं तर गोरक्षचा अर्ज तिथेच मेला असता. नोंदीत तपासलं. असा नंबरच नाही. म्हणजे जन्माला न आलेलं आणखी एक.

तरी छापून घेतलं, तीन पानं, सरांना दाखवून हसायला. त्यात यंत्राचे दोष दिलेत. मूळ इंग्रजी आहे, मी मराठीत उतरवते:

“पट्ट्याला धक्का बसल्यास जाळी आपोआप उचलली जाते. डाव्या टोकाला बसलेल्या स्त्रीचा पदर रुळात जातो. ती तो उजव्या हाताने सोडवू पाहते. हात मनगटापर्यंत आत जातो.”

आणि हाच परिच्छेद गुरुजींनी जसाच्या तसा आमच्या मसुद्यातही घातला! आपल्याच यंत्रात दोष आहे असं आपल्याच अर्जात लिहून द्यायचं. मी लाल पेनाने काट मारली.

तृप्ती जवळ येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, गोरक्षभाऊंना एक फोन करूया का, जाळीचे बोल्ट तपासा म्हणून. एवढंच. मी विचारलं, कशाच्या आधारावर? अस्तित्वात नसलेल्या पेटंटच्या? ती म्हणाली, आधार नसला तरी बोल्ट तर आहेत ना. मी तिला म्हटलं, रामकुंडावर हात बघायला बस, इथे कशाला वेळ घालवतेस? आणि ऑफिसच्या नावाने क्लायंटला असले फोन करायचे नाहीत, हे नीट समजावलं. चेहरा पडला तिचा. पडू दे.

१७ मार्च, सोमवार

अर्ज दाखल केला. चोवीस पानं, एक शब्द इकडेतिकडे नाही. सरांनी पेढे आणले. गोरक्षचा फोन आला. म्हणाले, चिमणाबाईपण परत आली, आता पाडव्याच्या आत सगळा कांदा उरकतो.

तृप्तीने पुन्हा विषय काढला. मी ऐकूनच घेतलं नाही.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. सुट्टी. खाली रस्त्यावर पिंपं, ढोल, निळी-हिरवी माणसं. अंजलीताई दारात रंग घेऊन आल्या होत्या. डोकं दुखतंय सांगितलं. दिवसभर वाचलं. शांत, छान दिवस.

२१ मार्च, शुक्रवार

साडेअकराला सरांना गोरक्षचा फोन आला. चिमणाबाईचा हात गेला.

उजवा. मनगटापासून. पदर रुळात गेला, तो सोडवायला तिने हात घातला. जाळी वर आली होती. कुणी उचलली नव्हती.

सर फोन ठेवून हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. तृप्तीने माझ्याकडे पाहिलं, मग पर्स उचलली आणि इस्पितळात गेली. चिमणाबाईला नाशिकलाच आणताहेत.

योगायोग. पदर, पट्टा, रूळ, हे असंच होतं, गिरण्यांमध्ये शंभर वर्षं होतंय. गुरुजींनी असे हजार अपघात वाचले असणार, त्यातला एक ओकला. डावं टोक आणि उजवा हात, यात भाकीत कसलं? डाव्या टोकाला बसलेली बाई उजवाच हात घालणार.

हे मी तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा बरोबर वाटलं.

२२ मार्च, शनिवार

गुरुजींकडचं ते १९८७ चं पेटंट पुन्हा उघडलं. फक्त बघायला.

चार पानं आहेत.

मी छापली तेव्हा तीन होती. ती तीन माझ्या खणात आहेत, पुन्हा मोजली. चौथ्या पानावर एकच परिच्छेद आहे. तसाच कोरडा, नियमाप्रमाणे क्रमांक घातलेला:

“अर्ज लिहिणाऱ्या एजंटने सदर धोका वाचला होता. तिने तो मजकूर काढून टाकला. तिच्या कनिष्ठ सहकारिणीने फोन करण्याचे सुचवले. एजंट हसली.”

तृप्तीचं काम. दुसरं कोण? माझ्या लॉगिनने शिरली असेल. रेघा मारणाऱ्या मुली अशाच असतात, समोर मान खाली आणि पाठीमागे हे. तिला फोन लावून नाही नाही ते बोलले. मी थांबल्यावर ती म्हणाली, “मॅडम, मी कालपासून इथेच आहे. रक्ताच्या बाटल्या कमी पडल्या होत्या.” मागे ट्रॉलीचा आवाज येत होता. कुणीतरी रडत होतं.

ज्यांनी सॉफ्टवेअर विकलं त्या कंपनीला फोन केला. तिथला पोरगा म्हणाला की जुन्या कागदपत्रांत भर पडूच शकत नाही, पान रिफ्रेश करा. पान रिफ्रेश करा! या लोकांच्या हातात आम्ही कामं दिली.

रिफ्रेश केलं. चार पानं.

२४ मार्च, सोमवार

इस्पितळात गेले. का गेले माहीत नाही. बघून यावं वाटलं.

चिमणाबाई मला वाटली होती त्याहून लहान आहे. पस्तिशीची असेल. हात पांढऱ्या गुंडाळीत, उशीवर ठेवलेला. शेजारी तिचा नवरा देवराम, भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मला साहेबीण समजून उठून उभा राहिला. तृप्ती तिला पेज भरवत होती.

चिमणाबाईने विचारलं, तू कोण बाय? मी म्हटलं, त्या यंत्राबद्दल लिहिते. ते कसं चालतं, काय करतं, सगळं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग म्हणाली, “सगला लिवतेस? मंग तुला ठावा होता काय?”

तृप्तीचा चमचा थांबला. ती सांगून टाकू शकली असती. नाही सांगितलं.

मी म्हटलं, नाही.

जिन्यात येऊन बसले. मला सगळ्या जगाची कीव करायची सवय आहे. त्या बाईची करून पाहिली. जमेना.

२६ मार्च, बुधवार

सरांनी सांगितलं की जाळीची नवी रचना करून सुधारित अर्ज टाकायचा. गोरक्षने यंत्र बंद केलेलं नाही. कांदा उघड्यावर पडलाय आणि पाडव्याला माणसं गावी जातील. मी म्हटलं, निर्लज्ज आहे हा माणूस. सर म्हणाले, त्याने डावं टोक रिकामं ठेवलंय आणि उरलेल्या जागी बायकांबरोबर स्वतः बसतोय. शुक्रवारी कुणीतरी देवळ्याला जाऊन जाळी कशी उचलली जाते त्याचा चालू यंत्रावर व्हिडिओ काढायला हवा. डाव्या टोकाला उभं राहून, तिथूनच दिसतं.

कुणीतरी म्हणजे मी.

हो म्हटलं.

२७ मार्च, गुरुवार

ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

सर म्हणाले, काळजी घ्या, तृप्तीला पाठवतो. तिला देवळा माहितीचंच आहे.

मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते कारण खोटं लिहायचा आता कंटाळा आलाय. तिचं नाव ऐकल्यावर मला बरं वाटलं. ते पेटंट आज उघडलं नाही. उघडणारही नाही.

२८ मार्च, शुक्रवार
सकाळी ९.४०

उघडलं.

पाच पानं.

“यानंतर एजंटने आजारपणाचे कारण दिले. तिच्या जागी कनिष्ठ सहकारी पाठवण्यात आली. ती डाव्या टोकाला उभी राहिली. तिच्या गळ्यात ओढणी होती.”

बस्स. पुढे कोरं.

तृप्तीला फोन लावला. आधी बिझी, मग संपर्क क्षेत्राच्या बाहेर. गोरक्षचा वाजतोय, उचलत नाही. सरांना सांगितलं. त्यांना वाटलं ताप डोक्यात गेलाय. मी ओरडले, तिला परत बोलवा. ते म्हणाले, “मॅडम, कशाच्या आधारावर?”

१०.०५

टॅक्सी केली. ड्रायव्हरचं नाव लखन. त्याला म्हटलं, देवळा, जितक्या लवकर जमेल तितक्या. तृप्ती आठच्या एसटीने निघाली असं सर म्हणाले. दोन तास पुढे.

फोन – नाही. फोन – नाही.

१०.५०

आग्रा रोड. पुढे कांद्याचे ट्रॅक्टर, एकामागे एक. लखन हॉर्न देतोय, ते हलत नाहीत. फोन सात वेळा लावला. मेसेज टाकला – यंत्राजवळ जाऊ नकोस, ओढणी काढून ठेव. एकच टिक.

दोन शब्द बोलायचे होते. सोळा दिवसांपूर्वी. बोल्ट तपासा. कुणीही बोललं असतं. अडाण्यातला अडाणी बोलला असता.

११.३५

चांदवड सोडलं. लॅपटॉप मांडीवर आहे. मोबाइलवरून नेट घेतलं आणि उघडलं. बघायला नको होतं.

पाचव्या पानाच्या कोऱ्या भागात –

“तिला वाचवण्यासाठी एजंट स्वतः तेथे पोचली. तिने केलेल्या आवाजाने सहकारी मागे वळली. वळताना ओढणीचे टोक पट्ट्यावर पडले.”

म्हणजे मी गेले नसते तर –

की मी गेले म्हणूनच –

लखनला म्हटलं, थांबव. त्याने गाडी कडेला घेतली. मग म्हटलं, नको, चल. तो आरशातून बघतोय माझ्याकडे.

जायचंच. पण हाक मारायची नाही. एवढंच आहे ना? आवाज करायचा नाही. मूर्खालाही जमेल.

११.५५

घाट. रेंज पूर्ण गेली. फोन आता लागतच नाही. बरंच आहे. लखनला नीट समजावलं – हॉर्न नाही, गाडी दूर उभी करायची, दार वाजवायचं नाही.

१२.२०

आलो. कुंपणाबाहेर आहोत, लिंबाखाली. शेड समोर उघडी, पन्नास पावलांवर. यंत्र चालू आहे. गोरक्ष दिसत नाही. तीन बायका. आणि डाव्या टोकाला ती, पाठमोरी. दोन्ही हातांत मोबाइल धरून व्हिडिओ काढतेय. पोपटी ओढणी. वाऱ्याने हलतेय.

जाळी वर आलीये. मला इथून दिसतंय. तिला दिसत नाही? तिला दिसतंय. तेच तर टिपतेय ती.

लखनला पाठवलं मागच्या बाजूने, मीटरच्या खोलीकडे. मेन स्विच पाड. पळू नकोस. चप्पल काढून जा. त्याने काही विचारलं नाही, गेला. भला माणूस.

मी गाडीतच. लखनचं दार उघडंच, वाजू नये म्हणून. वही मांडीवर. लिहितेय म्हणजे तोंड बंद राहील. दात ओठावर दाबून धरलेत. हाक बाहेर येऊ पाहते, तिचं नाव, सारखं –

लखन शेडच्या कोपऱ्यापर्यंत पोचला. आणखी वीस पावलं.

कुंपणाचं दार उघडंच आहे. मी उतरून गेले तर वाळलेली पात पायाखाली वाजेल. नाही. इथेच.

तिने व्हिडिओ थांबवला. मोबाइल खाली घेतला, बघतेय त्यात काहीतरी. इथे रेंज आहे तर. बघतेय. माझे कॉल. माझे सगळे कॉल आत्ता –

नको. तृप्ती, नको. मेसेज वाच, फक्त वाच –

दहा पावलं. लखन, चल –

तिने मोबाइल कानाला लावला.

माझा फोन कुठाय – पर्समध्ये – पुढच्या सीटवर – आवाज बंद केला नव्हता, मी आवाज बंद –

वाजला

ती वळ